इंजिनाच्या नळ्यांची बखर

दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला उभारणारी मुले पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या वर्षी किल्ल्यावर असतात बुरूज, दरवाजा, सिंहासनावर बसलेले महाराज आणि आकाराने बुरुजाहूनही मोठा असा एखादा मावळा. पुढे कधीतरी तेच मूल आईबापांबरोबर खराखुरा गड चढून येते, आणि त्या वर्षीच्या किल्ल्यावर एकाएकी पाण्याचे टाके दिसू लागते, धान्याचे कोठार येते, मागच्या अंगाला चोरदिंडी निघते. तटबंदीने गड शोभतो खरा. पण तो नांदत होता टाक्यातल्या पाण्यावर, हे त्या मुलाला उमगलेले असते.

वाफेच्या इंजिनाच्या लहान प्रतिकृतीचेही असेच आहे. चाके, बॉयलर आणि धुराडे जागच्या जागी बसले की कोणीही म्हणेल, ‘‘वा, काय सुरेख आगगाडी!’’ पण ते इंजिन पाणी कसे पीत होते, थांबत कसे होते, पावसाळ्यात चढ कसे चढत होते, हे सांगायला त्याच्या अंगावर नळ्या लागतात. जाड, बारीक, सरळ, वळणदार अशा या नळ्या खऱ्या इंजिनावर इतक्या असतात की पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर ठरतच नाही. त्यामुळे इंजिनांचे इतिहास पुष्कळ झाले, नळ्या बिचाऱ्या बाजूलाच राहिल्या. त्यांची थोडीशी बखर येथे सांगावी, असा माझा बेत आहे.

मी राहतो नागपुरात, रामदासपेठेत. ही वस्ती आणि शेजारची धंतोली, दोन्ही दवाखान्यांसाठी प्रसिद्ध. येथे ‘नळी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सलाइनची बाटली उभी राहते. धंतोलीच्या पलीकडून वर्ध्याकडे जाणारे रेल्वेचे रूळ आहेत, आणि रात्री रस्त्यावरची वर्दळ ओसरली की गाड्यांचा आवाज येथवर पोचतो. घराच्या मागच्या खोलीत, एका जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर, मी गेली काही वर्षे छोट्या लाईनच्या एका इंजिनाची प्रतिकृती करीत बसलो आहे. बॉयलर आणि चाके एका पावसाळ्यात पुरी झाली. नळ्यांना तीन वर्षे लागली. ‘अजून एक नळी राहिली’ हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखे वापरले जाते. लग्नाला निघायला उशीर झाला तरी तेच, आणि आमटीला फोडणी द्यायची राहिली तरी तेच.

लहान इंजिन म्हणजे मुलांचे खेळणे, ही समजूत मात्र फार अपुरी आहे. १८५४ साली अमेरिकेचे कमोडोर पेरी आपली जहाजे घेऊन दुसऱ्यांदा जपानला गेले, तेव्हा नजराण्याच्या वस्तूंत त्यांनी खऱ्याच्या पावपट आकाराचे, वाफेवर चालणारे एक इंजिन, एक डबा आणि वर्तुळाकार मांडायचे रूळ नेले होते. डब्यात माणूस मावेना. तेव्हा एक जपानी अधिकारी डब्याच्या छपरावरच मांडी ठोकून बसला आणि अंगावरचा घोळदार झगा वाऱ्यावर फडफडवीत फेऱ्या मारून आला. आदल्याच वर्षी नागासाकीला आलेल्या रशियन जहाजावरही असेच एक छोटे इंजिन जपान्यांनी पाहिले होते. त्यावरून १८५५ साली सागा येथे तानाका हिसाशिगे या यंत्रकाराने सोबत्यांच्या मदतीने स्वतःचे चालते लहान इंजिन तयार केले. याच तानाकाने १८७५ साली टोकियोत जो कारखाना काढला, त्यातून पुढे तोशिबा ही कंपनी वाढली. जपानात प्रत्यक्ष रेल्वे सुरू झाली ती १८७२ साली. म्हणजे त्या लोकांनी रेल्वे आधी टेबलावर शिकून घेतली आणि मग जमिनीवर आणली.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. १८५३ सालच्या १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला रेल्वे धावली ती पूर्ण आकाराची. छोटी गाडी मागाहून आली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरून चांदीची आगगाडी फिरे आणि पाहुण्यांपुढे मद्य व सिगार नेऊन ठेवी, ही कथा पुष्कळांना ठाऊक असेल. विलायतेत १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी या कारागिरीला वाहिलेले ‘मॉडेल एंजिनियर’ हे नियतकालिक काढले, आणि लगोलग नॉर्दॅम्प्टन गावी बॅसेट-लोक यांच्या पेढीने लहान इंजिने विकायला आरंभ केला. महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध नाव पुण्याच्या भाऊ जोशी यांचे. त्यांनी हौसेने जमविलेल्या आणि घडविलेल्या गाड्यांतून १९९८ साली कोथरूडला लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. सिग्नल पडतो, गाडी थांबते, दुसरी सुटते, आणि कठड्याला धरून उभे असलेले आजोबा नातवापेक्षा अधिक वाकून पाहत असतात!

आता नागपूरकडे वळू. येथे मुंबईकडून मोठी रेल्वे आली १८६७ साली. पूर्वेकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिने तो मार्ग आपल्याकडे घेतला. याच कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या रानावनांतून अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. गोंदिया, नैनपूर, छिंदवाडा, नागभीड ही नावे ज्यांच्या कानांत गाडीच्या ठेक्यावर बसली आहेत, ते या मार्गांना ‘छोटी लाईन’ म्हणतात. नागपूरहून छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. दोन्ही मार्ग रुंद करण्यासाठी हे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मोतीबागेत, कडबी चौकाजवळ, छोट्या लाईनचे संग्रहालय २००२ सालच्या डिसेंबरात उघडले, तेथे या साऱ्या संसारातले बरेच काही पाहायला मिळते.

मी निवडलेले इंजिन ‘सी.सी.’ वर्गाचे. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने ही इंजिने खास बंगाल-नागपूरच्या छोट्या लाईनसाठी केली. माझी प्रतिकृती खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची आहे, टेंडर धरून साधारण दीड विती लांब. या मापाची एक मोठी सोय आहे. छोट्या लाईनच्या दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. त्याचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा होतो १५.९ मिलिमीटर, आणि खेळण्यांच्या दुकानांत सर्वत्र मिळणारा रूळ असतो १६.५ मिलिमीटरचा. फरक अगदी थोडा. मोठ्या लाईनच्या हौशी लोकांचे असे भाग्य नाही. परदेशातले तयार रूळ तिकडच्या १४३५ मिलिमीटरच्या हिशेबाने बेतलेले, आणि आपली मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची. त्यामुळे त्यांना एक तर रूळ स्वतः करावे लागतात, नाही तर डोळ्यांवर कातडे ओढावे लागते.

आता नळ्या. पहिला मान पाण्याच्या नळीचा.

अगदी सुरुवातीच्या इंजिनांना बॉयलरमध्ये पाणी भरायला पंप असे, आणि तो चालत्या यंत्राच्या दांड्यालाच जोडलेला असे. इंजिन धावे तोवर पाणी मिळे. उभे राहिले की पंपही उभा! स्टेशनात गाडी खोळंबली आणि बॉयलरमधले पाणी उतरू लागले, की निव्वळ पाणी भरण्यासाठी इंजिनाला उगीच मागे-पुढे फिरवून आणावे लागे. ही पंचाईत १८५८ साली आंरी जिफार या फ्रेंच गृहस्थाने सोडविली. याच गृहस्थाने १८५२ साली वाफेच्या यंत्रावर विमाननौका उडवून पॅरिसला थक्क केले होते. त्याने केलेल्या ‘इंजेक्टर’ नावाच्या लहानशा पितळी उपकरणात फिरणारा भाग एकही नाही. बॉयलरमधलीच वाफ घ्यायची आणि तिच्या जोरावर, त्याच बॉयलरच्या दाबाविरुद्ध, त्याच्यात पाणी ढकलायचे! कितीही कसलेला नट असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असे आपले जुने शास्त्रकार म्हणत. इंजेक्टर तर तसेच काही करतो असे वाटते. पण त्यात जादू नाही. निमुळत्या तोंडातून सुटलेली वाफ भन्नाट वेगाने निघते, थंड पाण्याला भेटून तिचे पाणी होते, आणि तिचा वेग त्या पाण्याला मिळतो. ही वेगवान धार पुढे रुंदावत जाणाऱ्या तोंडात शिरली की वेग कमी होतो आणि दाब वाढतो, इतका की बॉयलरच्या तोंडावरची झडप उघडून पाणी आत घुसते.

या एका उपकरणाने इंजिनाच्या अंगावर चार नळ्या आणल्या. एक वाफ आणणारी, एक टेंडरमधले पाणी आणणारी, एक पाणी बॉयलरकडे नेणारी, आणि चौथी नुसती खाली उघडणारी, सांडणाऱ्या पाण्याची. ही चौथी दिसायला अगदीच बापुडवाणी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

दुसरी नळी थांबण्याची, आणि तिच्यामागे मोठे दुःख आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ मुलांच्या सहलीची एक गाडी चढावर अडकली. अर्धी गाडी आधी वर न्यावी म्हणून मागचे डबे सोडण्यात आले. त्या गाडीचा ब्रेक असा होता की इंजिनाने हवा खेचली म्हणजे तो लागे. डबे इंजिनापासून तुटले की ब्रेकही गेला. सुटलेले डबे उताराने मागे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत बरीच लहान मुले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला की प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक हवाच. यात युक्ती उलटी असते. इंजिनावरच्या वाफेच्या उपकरणाने गाडीभर गेलेल्या नळीतली हवा सतत खेचून घ्यायची आणि ती पोकळी टिकून आहे तोवरच ब्रेक सुटलेला राहतो. नळी तुटली, डबा निसटला, कोठे भोक पडले, की बाहेरची हवा आत धावते आणि साऱ्या गाडीचा ब्रेक लागतो. घात झाला तर रक्षण आपोआप व्हावे, ही त्यातली मेख. आपल्याकडे वाफेच्या काळात हाच ब्रेक सर्वत्र होता. डब्यातली साखळी ओढणारा प्रवासी दुसरे काही करीत नसे. तो त्या नळीत थोडी बाहेरची हवा सोडत असे. प्रतिकृतीच्या पुढच्या बफरशेजारी लोंबणारी ती वेटोळ्याची नळी मी बसवतो, तेव्हा आर्माची ती मुले आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तिसरी नळी वाळूची. पहिल्या पावसात रूळ ओले झाले, वर पानांचा चिखल बसला, की चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटी असते आणि तेथून निघालेली नळी नेमकी चाकाच्या पुढ्यात, रुळाला लागू लागू अशी येऊन थांबते. वाळू अगदी कोरडी हवी, म्हणून शेडमध्ये ती भाजून ठेवीत. सातपुड्याचे चढ आणि तेथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नळीची थोरवी सांगायला नको.

चौथ्या नळ्यांचा तर जुडगाच असतो. विल्हेल्म श्मिट या जर्मन यंत्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनातली वाफ आणखी तापवून वापरण्याची रीत रूढ केली. तिने कोळसा आणि पाणी वाचले, पण त्या कडक वाफेपुढे जुने वंगण टिकेना. मग नवे तेल आले, आणि ते थेंबाथेंबाने सिलिंडरपर्यंत पोचविणारे यंत्र आले, आणि त्यातून निघालेल्या सुतळीएवढ्या नळ्या एकमेकींना धरून इंजिनाच्या कडेने चालू लागल्या. पाचवी नळी दाबमापकाची. १८४९ साली पॅरिसच्या बुर्दों याने शोधलेल्या या मापकाकडे जाणारी नळी वाटेत एक गोल वेढा घेते. ती शोभेसाठी वळलेली नाही. त्या वेढ्यात पाणी साचून राहते आणि उकळत्या वाफेचा तडाखा नाजूक काट्याला बसत नाही. घरातले वडील माणूस जसे बाहेरचा राग स्वतः सोसून आत निरोप तेवढा पोचवते, तसे हे साचलेले पाणी दाब पुढे जाऊ देते आणि धग अडवते.

एवढे कळले की नळ्या तारखा सांगू लागतात. इंजेक्टर दिसला तर इंजिन १८५८ नंतरचे. वंगणाच्या बारीक नळ्यांची रांग दिसली तर बहुधा कडक वाफेचे. पुढच्या दिव्याकडे विजेच्या तारेची नळी गेली असेल तर इंजिन मुळात जुने असले तरी त्याचे हे रूप मागाहूनचे. इंजिने चाळीस-चाळीस, साठ-साठ वर्षे राबत आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत त्यांच्या अंगावर काही चढे, काही उतरे. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याला आधी साल ठरवावे लागते. नव्या कोऱ्या इंजिनावर विजेचा दिवा लावणे म्हणजे पेशवाईवरच्या नाटकात नानांच्या मनगटावर घड्याळ दिसण्यासारखेच.

या नळ्या करायच्या कशाच्या? बाहेरून ३४ मिलिमीटर जाडीची नळी माझ्या मापात ०.७ मिलिमीटरची होते. ही तार मिळते मोटारी गुंडाळून देणाऱ्या दुकानात. त्यांच्याकडे २२ नंबरची तांब्याची तार असते ती ०.७१ मिलिमीटर, २६ नंबरची ०.४६. तिच्यावरचा रोगण खरवडून काढावा लागतो, नाही तर डाख धरत नाही. आतून पोकळ नळी हवी असेल तर रामदासपेठेत राहण्याचा फायदा होतो. इंजेक्शनची कोरी सुई हीसुद्धा अतिशय सरळ आणि गुळगुळीत अशी नळीच आहे. गंमत अशी की डॉक्टरांची २२ नंबरची सुई आणि वाइंडिंगवाल्याची २२ नंबरची तार, दोघांचे नंबर मोजण्याचे शास्त्र निराळे असूनही जाडीने जवळजवळ सारखीच भरतात. आमच्या डॉक्टर शेजाऱ्यांना मी सुया मागतो तेव्हा ते मोठ्या गंभीरपणे विचारतात, ‘‘पेशंटची तब्येत कशी आहे?’’

तार वळवण्याआधी तिला मऊ करावे लागते. ती कला आपल्या तांबटांची. तांबे लाल होईतो तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे. पोलाद अशाने कडक होते, तांबे मात्र लोण्यासारखे वळते. मग एखाद्या गोल दांड्याभोवती वळण द्यायचे, कारण खरी नळी कधी काटकोनात मोडत नाही. तिच्या वळणाला गोलाई असते. डाख देताना एक संकट ठरलेले. दुसरा सांधा जोडावा तर त्याच्या उष्णतेने शेजारचा पहिला सुटतो. त्यासाठी पहिल्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. इंजेक्टर, झडपा असले नाजूक भाग मेणाचे करून, वर साचा चढवून, मेण वितळवून, त्या पोकळीत पितळ ओततात. बस्तरचे कारागीर ढोकरा मूर्ती घडवितात ती हीच रीत. जी वाफेची नळी गरम राहावी म्हणून खऱ्या इंजिनावर दोराने गुंडाळलेली असे, तिच्यावर मी शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळतो. टेबल शिवणयंत्राचे असल्यामुळे दोऱ्याला तोटा नाही.

हे सारे हाताचे काम शिकता येते. अडचण पुढे आहे. नळी कोठून निघते हे बहुधा समजते. ती मधल्या वाटेने कशी जाते आणि कोठे संपते, ते कोण सांगणार? परदेशी कारखान्यांच्या मूळ नकाशांत मोठे भाग बारकाईने दाखविलेले असतात; बारीक नळ्या पुष्कळदा त्यांत नसतातच. त्या फिटरने इंजिनाजवळ उभे राहून, जागा पाहून वाकवायच्या असत. छायाचित्रे पाहावीत तर ती बहुधा फलाटाच्या बाजूने, उजेडात घेतलेली. दुसरी बाजू अंधारात. आणि खरे इंजिन पाहावे, तर जेथे जेथे जुनी इंजिने उघड्यावर उभी राहिली, तेथे सर्वांआधी नाहीसे झाले ते तांबे-पितळ. भंगारात त्यालाच भाव.

म्हणून मी एका वृद्ध फिटरांकडे गेलो. ते मोतीबागेच्या बाजूला राहतात. छोट्या लाईनच्या इंजिनांवर त्यांचे सारे उमेदीचे आयुष्य गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू थोडे कमी येते, नजर मात्र शाबूत. मी प्रतिकृती त्यांच्यापुढे पाटावर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. आधी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिली, जसे कोणी धुरकट शेडमध्ये कंदील घेऊन पाहावे.

‘‘काकाजी,’’ मी मोठ्याने विचारले, ‘‘इंजेक्टरची सांडपाण्याची नळी खाली नेमकी कोठे संपत होती?’’

‘‘कुठं म्हंजे? ड्रायव्हरले दिसन तिथं!’’

माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांना दिसला असावा.

‘‘असं पाहा भाऊ. इंजेक्टरनं पाणी धरलं का नाई, हे ड्रायव्हरले मुंडकं बाहेर काढूनच समजते. धरलं नसन तं पाणी खाली सांडते. पाईप आतमंदी लपवून ठेवला तं त्याले काय सपन पडन?’’

मग त्यांनी माझ्या हातातली तार मागितली. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे जवळजवळ मिटले आणि अंगठ्याने तार दाबीत दाबीत वळवू लागले. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी उमेदवारीत शिकलेली ती बोटे आता थरथरत होती, पण तारेवर टेकली की स्थिर होत. नळी खाली आली, मागे वळली, आणि मध्येच तिला त्यांनी एक लहानसा बाक दिला. हा बाक कोणत्याही छायाचित्रात नव्हता. मी विचारले, हा कशासाठी?

‘‘इथं पाय ठेवायचो ना आमी वर चढाले,’’ ते म्हणाले.

इतका वेळ दाराशी उभा असलेला त्यांचा नातू हे ऐकत होता. तो नोकरीला लागलेला, चांगला शिकलेला मुलगा. तो म्हणाला, ‘‘आजोबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही!’’ म्हातारा तारेवरून नजर न काढता म्हणाला, ‘‘कोनी इचारलंच नाई बाप्पा.’’

त्या बाकाने मला नळ्यांच्या इतिहासाचा उलगडा केला. बॉयलर, चाके, सिलिंडर हे ग्लासगोच्या कारखान्यातल्या आराखड्यांनी ठरविले. ते कोणत्याही ग्रंथालयात कधी ना कधी सापडतील. पण नळी कोठून जावी, हे ठरविले माणसाच्या डोळ्याने, हाताच्या लांबीने आणि पायाने. ड्रायव्हरला दिसावे म्हणून एक नळी बाहेर आली. फायरमनचा हात पोचावा म्हणून एक झडप खाली उतरली. कोणा फिटरचा पाय अडखळू नये म्हणून तिसरी वाकली. इंजिन विलायतेहून आले होते. ते नैनपूर-छिंदवाड्याचे झाले ते या बाकांनी. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या पाठ करूनही एखाद्या गावाचा पाणवठा कोठे होता हे कळत नाही. तसेच इंजिनाचा वेग, वजन, घोड्यांचे बळ सारे ठाऊक असूनही ते कोणी आणि कसे हाकले, ते कळत नाही.

आणि हे ज्ञान आता फार थोड्या हातांत उरले आहे. आपल्या देशात वाफेचे शेवटचे इंजिन तयार झाले १९७२ साली. वऱ्हाडातली लाडकी शकुंतला १९९४ सालच्या एप्रिलपर्यंत वाफेवर धावली. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे इंजिन सत्तर वर्षे राबून तेव्हा विसावले. मोठ्या लाईनवरची वाफेची नेमाची गाडी १९९५ सालच्या डिसेंबरात थांबली. तेव्हा उमेदवारी करणारा पोरगाही आज पन्नाशीच्या घरात आहे. ज्यांनी पुरते काम केले ते ऐंशी-नव्वदीत. इंजिने जपण्याला संग्रहालये आहेत, आणि ती चांगले काम करीत आहेत. पण ‘हा बाक कशासाठी’ याचे उत्तर काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ते विचारावे लागते, आणि ज्याला विचारायचे तो असेपर्यंतच विचारावे लागते.

माझ्या टेबलावरच्या इंजिनाला ती नळी आता बसली आहे. पाहुणे येतात, धुराडे पाहतात, चाके फिरवून पाहतात. त्या केसाएवढ्या बाकाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र तेथे एक पाय टेकलेला दिसतो.

या दिवाळीत आपल्या घरी मंडळी जमतील. फराळाची ताटे फिरतील, गप्पा रंगतील. त्यांत कोणी लोकोत काम केलेले आजोबा असतील, कापडगिरणीतले मामा असतील, छापखान्यात खिळे जुळविलेले काका असतील. ते आपणहून बोलणार नाहीत. त्यांच्या काळात हाताच्या कामाची कोणी मुलाखत घेत नसे. चकली मोडता मोडता त्यांना एवढेच विचारावे, ‘‘काकाजी, तुमच्या यंत्राला हात नेमका कोठे लावायचा असे?’’ आणि जवळ एखादी तार, खडू, निदान दोरा असू द्यावा. तोंडाने जे सांगता येत नाही, ते त्यांची बोटे सांगतील.